तापवाल्यांच्या घरचं रक्त

आमच्या पोद्लेसिना गावात मोठं व्हायला काही करावं लागत नाही. शिकावं लागत नाही, घाम गाळावा लागत नाही, चर्चमध्येसुद्धा दर रविवारी जायची गरज नाही. लहानपणी एकदा ताप येऊन गेलेला असला की झालं. माझ्या नवऱ्याला, गेझाला, असा ताप येऊन गेला होता म्हणे. त्या एका तापावर त्याने अख्खा जन्म काढला.

ताप साधासुधा नव्हता, हे मात्र कबूल. आम्ही पाटी-दप्तराच्या वयाचे होतो. सहकारी डेअरीतल्या कुणा शहाण्याने गाईच्या दुधात शेळ्यांचं दूध मिसळलं आणि न उकळता गावभर वाटलं. शेळ्यांना रानात गोचिडी चावल्या होत्या आणि गोचिडींचा रोग दुधात उतरला होता. पोरं एकामागून एक आडवी झाली. मेंदूला सूज, मान ताठ, डोळे फिरलेले. काही पोरं गेली. माझ्या वर्गातली मार्गिता वाचली, पण तिचा उजवा हात त्या उन्हाळ्यापासून लोंबतोय तो आजतागायत.

वाचलेल्यांना गाव 'तापवाले' म्हणायला लागलं. आधी बिचारे म्हणून म्हणत. मग कधीतरी शहरातून एक डॉक्टर आला आणि सांगून गेला, ज्याला हा ताप येऊन गेला त्याला तो पुन्हा येत नाही, आता त्याला गोचीड चावो नाहीतर कच्चं दूध पोटात जावो. झालं! बिचारेपण गेलं आणि ह्यांचा तोरा सुरू झाला. मे महिन्यात कळप डोंगरावर चढवतात त्या रविवारी मेंढपाळांच्या झोपडीसमोर सगळं गाव जमतं. पहिलं दूध काढतात, कोरीव लाकडी पेल्यात ओततात आणि ते तसंच, धारोष्ण, तापवाल्यांनी प्यायचं. बाकीच्यांनी लांब उभं राहून टाळ्या वाजवायच्या आणि उकळलेलं प्यायचं. पुढचा बाक तापवाल्यांचा. लग्नात पहिला प्याला तापवाल्यांचा. पंचायतीत कोणी वाद घातला तर, "तुला ताप आला होता का? मग बस खाली!"

ह्यात आमचा गेझा सगळ्यांच्या पुढे. तरुणपणी छाती काढून चालायचा, म्हातारपणी पोट काढून चालतो. "माझ्या रक्ताला गोचीड घाबरते," हे वाक्य मी लग्नाच्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं आणि अजून रोज ऐकते. वर्षभर कच्चं दूध पितो म्हणून सांगत फिरायचा. डोंबल पितो! घरातलं दूध मी रोज उकळून, गार करून, हंडीत भरून ठेवते. इतक्या वर्षांत ह्या पठ्ठ्याला चवीतला फरक कळला नाही. कच्चं जे काय जायचं ते मेमधल्या त्या एका घोटापुरतं, आणि तेही नशिबाने पचत गेलं.

एवढ्यावर थांबले असते तर मी काही बोलले नसते. पुरुषांना मिरवायला काहीतरी लागतंच. पण तापवाले म्हातारे झाले, एकेक करून मातीत गेले, तसा गावाला नवा शोध लागला. ताप म्हणे रक्तात उतरतो! बापाला आला असेल तर मुलगा सुरक्षित, आजोबाला आला असेल तर नात सुरक्षित. असं कोणी सांगितलं? कोणी नाही. चार म्हातारे आलुबुखाऱ्याची दारू पीत बसले आणि ठरवून मोकळे झाले. शेजारच्या गावांत पोरांना गोचिडीच्या तापाची लस देतात. आमच्याकडे तापवाल्यांच्या घरात लस म्हणजे नाक कापलं. लस घेतली याचा अर्थ तुमच्या घरचं रक्त अस्सल नाही.

आता ऐका, गाडी कुठे अडली ते. बर्फ अजून अंगणात होतं. आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. मी, गेझा, आमचा मुलगा दुशान, सून रेनाता आणि त्यांची दोरोत्का. दोरोत्का सात वर्षांची, पुढचे दोन दात पडलेली, बोलायला लागली की शिट्टी वाजते. गेझाने चमचा खाली ठेवला, मिशा पुसल्या आणि जाहीर केलं, "ह्या मेपासून माझा पेला दोरोत्का घेईल. माझं वय झालं. गादी घरातच राहायला पाहिजे."

रेनाता शहरातली. तोंडाने शांत, पण ऐकून घेणारी नाही. ती म्हणाली, "बाबा, तिला लस दिलेली नाही. आधी लस देऊ, पुढच्या वर्षी बघू पेल्याचं."

"लस? ह्या घरात?" गेझा असा हसला की जणू तिने चर्चमध्ये डुक्कर बांधायचं म्हटलं. "लस बाहेरच्यांना असते, पोरी. हिच्या अंगात माझं रक्त आहे."

"माझंही आहे. आणि आमच्याकडे सगळ्यांना लस दिलेली आहे."

"तेच म्हणतोय मी. तुमच्याकडचं रक्त पातळ."

रेनाताने नवऱ्याकडे बघितलं. "दुशान, तू काहीतरी बोल."

दुशानने ताटलीत बघितलं. "सूप गार होतंय," तो म्हणाला. हा माझा पोटचा मुलगा. एवढा मोठा बाप्या, मेंढ्यांचा अख्खा कळप शिट्टीवर वळवतो आणि बापासमोर मूग गिळून बसतो.

मी म्हटलं, "गेझा, आधी शेळ्यांना विचारून ये, त्यांना तुझं घराणं माहीत आहे का."

"तू गप गं! तुला काय कळतंय तापातलं?" आणि मग त्याने शेवटचं हत्यार काढलं. ज्या दिवशी ह्या पोरीला सुई लागेल त्या दिवशी कळप आणि डोंगरावरची झोपडी पुतण्याच्या हाती जाईल, दुशानने मग शहरात जाऊन दुकानं झाडावीत. रेनाता उठून गेली. दोरोत्का मात्र खूष होती. तिला पेला मिळणार होता, पेल्यावर अस्वल कोरलेलं आहे, आणि सात वर्षांच्या पोरीला अस्वलापुढे दुसरं काय दिसणार?

पुढच्याच आठवड्यात गावच्या कर्ण्यावर पुकारा झाला. शहरातल्या रुग्णालयातून डॉक्टरीण हानुसोवा येणार, जुन्या तापवाल्यांना भेटायचंय. गेझा दाढी करून, कडक कॉलर लावून सगळ्यांच्या आधी पंचायतीच्या सभागृहात. मला ओढून नेलं, का तर बघायला बायको हवी.

डॉक्टरीणबाई तरुण, केस बांधलेले, बोलणं सरळ. तिने सांगितलं, ज्यांना लहानपणी हा आजार होऊन गेला त्यांना आता लसीची एक सुई द्यायची, सुईच्या आधी रक्त घ्यायचं, काही आठवड्यांनी पुन्हा घ्यायचं, आणि बघायचं शरीर काय करतं ते. "ज्याला खरंच होऊन गेलाय त्याचं रक्त विसरत नाही," ती म्हणाली. "एका सुईत जुनी ओळख पटते आणि प्रतिपिंडं भराभर वर चढतात. ज्याला कधी झालाच नाही त्याचं रक्त पहिल्या सुईला गोंधळतं, थोडंसंच वाढतं. त्याला दुसरी लागते, तिसरी लागते."

"बाई, माझ्या रक्ताने तुमचं यंत्र फुटेल," गेझा म्हणाला आणि बाही वर केली. लस घ्यायला त्याची ना नव्हती, बरं का. ही लस घाबरून घ्यायची नव्हती, ही शास्त्राची सेवा होती. लगेच सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असं म्हणाला, "घ्या, शास्त्राला लागतंय तर घ्या!"

मार्गिता कोपऱ्यात बसली होती. तिचा लोंबता हात तिने डाव्या हाताने उचलून मांडीवर ठेवला होता. रेनाता दोरोत्काला घेऊन दारात उभी होती. मार्गिता तिला म्हणाली, "माझ्या नातवंडांना कधीच लस देऊन टाकली मी. गावाला सांगितलं नाही, एवढंच. ह्या हाताने मी एका लेकराची वेणी घातली नाही, बाई. त्यात मिरवण्यासारखं काय आहे ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही." रेनाताने पोरीचं बोट घट्ट धरलं.

डॉक्टरीणबाईंना तुलनेसाठी गावातलेच, त्याच वयाचे, पण आजारी न पडलेले लोकही हवे होते. मी तिथे उभीच होते. "आजी, तुम्हाला आला होता का ताप?" "नाही हो. मी शेळ्यांमागे असायची, मला आजारी पडायला सवड कुठे होती?" तिने माझंही रक्त घेतलं आणि मलाही सुई दिली. गेझा कुत्सित हसला. "हिचं कशाला वाया घालवता?"

बर्फ वितळलं, खालच्या उतारावर गवत आलं, शेळ्या बाहेर पडल्या. त्यांच्या कानांमागून मी रोज संध्याकाळी गोचिडी काढत होते, वाटाण्याएवढ्या फुगलेल्या. डॉक्टरीणबाई पुन्हा येऊन दुसऱ्यांदा रक्त घेऊन गेल्या आणि मग निकाल सांगायला आल्या. एकेकाला आत बोलवायच्या, दार लावून सांगायच्या.

माझा नंबर आधी लागला. बाई म्हणाल्या, "आजी, तुम्ही मला खोटं सांगितलंत."

"मी?" मी घाबरलेच.

"तुमच्या रक्तात सुईच्या आधीच खुणा होत्या. आणि एका सुईने आकडा असा वर गेलाय की इथल्या फार थोड्यांचा गेला. तुम्हाला तो आजार नक्की होऊन गेलाय. तुम्हाला कळलासुद्धा नाही. पुष्कळांचं असंच होतं. दोन-तीन दिवस अंग मोडून येतं, आणि संपतं."

मला तो उन्हाळा आठवला. डोकं धरून मी गोठ्यात पडले होते आणि माझी आई म्हणाली होती, "सोंगं पुरे, ऊठ, शेळ्या ओरडताहेत." मी उठले होते. गरिबाघरच्या पोरींना तापाची पदवी मिळत नाही, दुसरं काय!

मी बाहेर आले, गेझा आत गेला. बराच वेळ आत होता. बाहेर आला तेव्हा कॉलर सैल केलेली होती. दारातल्या माणसांनी विचारलं, "काय गेझा, किती?" तो म्हणाला, "काठोकाठ! बाई म्हणाल्या, असं रक्त बघितलं नाही." सगळे हसले, पाठीवर थापा पडल्या. मला वाटलं, असेल. माझंच एवढं चढलंय तर ह्या महापुरुषाचं ढगात गेलं असेल. माझं मी कोणाला सांगितलं नाही. विचारलं कोणी? कोणीच नाही. नवऱ्यानेसुद्धा नाही.

मेचा रविवार जवळ आला. दोरोत्काला नवा शिवलेला झगा, केसांत फिती. गेझा तिला अंगणात शिकवत होता, पेला कसा दोन्ही हातांनी धरायचा, कसं डोकं मागे टाकायचं, एका दमात कसं प्यायचं. "सांडलं तर अपशकुन!" रेनाताचे डोळे रडून सुजलेले. तिने दुशानला पुन्हा विचारलं, दुशान पुन्हा मेंढ्यांकडे गेला.

आणि गुरुवारी सकाळी गेझा म्हणाला, "दाढ ठणकतेय. शहरात जाऊन येतो."

मी हो म्हटलं. बस गेली. मी भांडी घासायला वळले आणि खिडकीत बघते तर काय, पाण्याच्या पेल्यात ह्याची कवळी! वरची आणि खालची, दोन्ही, मला दात दाखवत बसलेली. ह्या माणसाच्या तोंडात स्वतःचा एक दात उरलेला नाही. कुठली दाढ ठणकत होती, मेल्याची?

संध्याकाळी आला. शर्ट बदलताना मी मुद्दाम आत गेले. डाव्या दंडावर छोटी चिकटपट्टी.

"अगंबाई," मी म्हटलं, "दाढेची सुई आता दंडात देतात होय?"

"हळू बोल. खिडकी उघडी आहे."

"खिडकी मी लावते. तू तोंड उघड."

तो पलंगावर बसला. शर्ट अर्धा घातलेला, अर्धा लोंबता. मग एकेक शब्द ओढून काढावा लागला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की त्याचं आधीचं रक्त विहिरीच्या पाण्यासारखं स्वच्छ. खूण म्हणून नाही. सुईनंतर आकडा हलला, पण जेमतेम. त्याला तो आजार कधी झालाच नव्हता. महिन्याने दुसरी सुई घ्या, नंतर तिसरी, आणि कच्चं दूध बंद करा, असं बाईंनी बजावलं होतं.

"मग तुला तेव्हा झालं काय होतं?"

"ताप होता. मला आठवतंय. पोटात कळा येत होत्या."

"पोटात! मेंदूचा ताप पोटात?" मला हसू आवरेना, खरं सांगते. "अरे, तुझी आईच सांगायची मला, त्या उन्हाळ्यात पाद्र्याच्या बागेतली हिरवी आलुबुखारं चोरून खाल्लीस म्हणून! आलुबुखाऱ्यांनी तुला गावचा राजा केला, गेझा. जुलाबांवर जन्म काढलास तू!"

 आणि मग माझं हसू एकदम थांबलं, कारण मला रविवार आठवला.

"दोरोत्का," मी म्हटलं. "तुझ्या रक्तात काही नाही हे तुला माहीत आहे. म्हणजे तिच्यात तर तुझ्याकडून काहीच नाही. आणि तू तिला रोज अंगणात पेला धरायला शिकवतोयस."

"एक घोट, ओतिल्का. एका घोटाने काय होतं? मला इतकी वर्षं काही झालं?"

"मग दुसरी सुई कशाला घेऊन आलास?"

त्याने जे उत्तर दिलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. तो म्हणाला, "माझं वय झालंय. मला जपायला हवं."

मला जपायला हवं! ऐकलंत? सात वर्षांच्या पोरीला नको. पोरीचं काय, ती नवी आहे, टिकेल. शेळ्यांच्या कानांमागे वाटाण्याएवढ्या गोचिडी, आणि हा बाबा स्वतःला बसने शहरात नेऊन टोचून आणतो आणि नातीच्या हातात पेला देतो. माझ्या अंगाची अशी आग झाली की हातात होतं ते उशीच्या अभ्र्याचं कापड मी फाडलं.

तो रडकुंडीला आला. "हे गेलं तर माझ्याकडे काय राहतं, सांग. मी कोण मग? सगळे हसतील."

"हसू देत! हसून कोणी लुळं पडत नाही. मार्गिताचा हात बघितलास ना? रविवारच्या आत तू रेनाताला सांग, गावाला सांग, नाहीतर किमान पेला तरी थांबव. पोट दुखतंय म्हण, तुला सवय आहे. काहीही कर. नाहीतर मी बोलेन."

"मी थांबवतो," तो म्हणाला. "शप्पथ."

शुक्रवार गेला, शनिवार गेला. तो थांबवायचं नाव घेईना. आता पोरीला लस टोचून आणली तरी ती रविवारपर्यंत काय काम करणार होती? मी रेनाताला विहिरीपाशी गाठलं आणि सगळं सांगितलं. ती पांढरी पडली. "आई, मी तिला घेऊन आत्ताच माहेरी जाते."

"जाऊ नकोस," मी म्हटलं. "तू गेलीस तर गाव म्हणेल सून पळाली, शहरातली होती. पुढच्या मेमध्ये दुसऱ्या कुणाचं पोर पेला धरेल. माझ्यावर सोड. पोरीच्या ओठाला पेला लागणार नाही, हे मी तुला सांगते."

रविवारी ऊन लख्ख. डोंगरावर गाव जमलं, अकॉर्डियन, भाजलेली सॉसेज, ब्रिन्ड्झा चीजची पिंपं. पुढच्या बाकावर गेझा, छातीवर फुलं खोचलेली. शेजारी मार्गिता. बाकीच्या तापवाल्या घरांतले मुलगे, नातू मागे उभे, मार्गिताची नातवंडं सोडली तर सगळे बिनलसीचे, सगळे नाक वर केलेले. शेळीचं दूध काढलं. पेला भरला. फेस वर आला.

मी गेझाकडे बघत होते. तो माझ्याकडे बघत नव्हता. तो उठला, घसा खाकरला. मला एक क्षण वाटलं, सांगतोय. देवा, सांगतोय हा!

"मंडळी," तो म्हणाला, "रक्त खोटं बोलत नाही. आज माझं रक्त पुढे जातंय." आणि त्याने पेला दोरोत्काच्या हातात दिला.

टाळ्या पडल्या. पोरीने दोन्ही हातांनी धरला, शिकवल्यासारखा. डोकं मागे टाकायला लागली. मी गर्दीतून कशी पुढे गेले मला माहीत नाही, कोणाच्या पायावर पाय दिला, कोणाचा प्याला सांडला. मी पेला तिच्या हातातून काढून घेतला. दूध तिच्या नव्या झग्यावर सांडलं आणि बायकांनी "अगंबाई!" केलं.

"ओतिलिया!" गेझा ओरडला. "म्हातारीला ऊन लागलंय. कोणीतरी तिला सावलीत न्या."

"मला ऊन नाही लागलेलं," मी म्हटलं, आणि माझा आवाज मलाच परका वाटला इतका मोठा होता. "रक्त खोटं बोलत नाही, हे बरोबर आहे. डॉक्टरीणबाईंनी तपासलंय. ताप मला आला होता, ह्याला नाही. ह्याच्या रक्तात पाण्याशिवाय काही नाही. खोटं वाटत असेल तर ह्याला डावी बाही वर करायला सांगा. गुरुवारी शहरात जाऊन गुपचूप दुसरी सुई टोचून आलाय, स्वतःपुरती."

अकॉर्डियनवाला थांबला. कोणी हसलं नाही. मला वाटलं होतं हसतील. मागचे ते सगळे मुलगे आपापल्या पोरांकडे बघायला लागले. दुशान कुंपणापाशी उभा होता. तो पहिल्यांदा स्वतःहून पुढे आला आणि रेनाताच्या शेजारी उभा राहिला. गेझाचा हात आपोआप डाव्या दंडावर गेला, शर्टाच्या वरून. तेवढं पुरेसं होतं.

दोरोत्काला ह्यातलं काय कळलं कोण जाणे. झगा ओला, हात रिकामे. ती आजोबाच्या समोर जाऊन उभी राहिली आणि वर बघून, शिट्टी वाजवत म्हणाली, "आजोबा, तुम्ही परत सुई घेतली?"

 सगळं गाव बघत होतं. "हं," तो म्हणाला.

"दुखलं का?"

"नाही," तो म्हणाला. अगदी हळू. "मुंगी चावल्यासारखं."

दोरोत्काने विचार केला. कपाळाला आठी घालून, नीट विचार केला.

"मग मला का नाही दिली?"

 गेझाने माझ्याकडे बघितलं, मी नजर दिली नाही. मार्गिताकडे बघितलं. मार्गिताने डाव्या हाताने उजवा हात उचलला, बाकावरून उठली आणि खाली चालायला लागली. तिच्यामागे एकेक जण निघाला, आयांनी पोरांना कडेवर घेतलं. गेझा बसला, बाकावर नाही, तिथेच गवतात. फुलं छातीवर तशीच.

दोरोत्का हलली नाही. ती त्याच्यासमोर तशीच उभी राहिली, ओल्या झग्यात. तिला खरंच उत्तर हवं होतं.